बांबूची दुर्री

दि. ११ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षरं एवढी थोराड बघून दचकू नकोस. पाट्या रंगवायच्या जाड पेनने लिहितेय, आणि ओळ सुटू नये म्हणून कागदावर पट्टी धरलीय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शेवटचं सांगून टाकलं. मधली नजर गेली ती गेली, कडेची राहील. म्हणजे समोर बसलेल्याचं तोंड दिसत नाही, त्याच्या जागी एक राखाडी डाग. कान मात्र दोन्ही स्वच्छ दिसतात. तू आलास तर तुला कानांवरून ओळखीन. ते तसेही लांबूनच दिसायचे.

कवळ्यांच्या कारखान्यातून मला सन्मानाने निरोप मिळाला. मालक चांगलं बोलले, बाकीच्या बायकांनी डोळे पुसले, आणि सगळ्यांनी मिळून मला काय दिलं असेल? भिंतीवरचं घड्याळ! काटे दिसत नाहीत, टिकटिक तेवढी ऐकते. असो. जन्मभर लोकांच्या तोंडाची काळजी वाहिली, आता स्वतःच्या तोंडाला आवर घालायची गरज उरली नाही. त्याचीच चुणूक परवा क्लबात दाखवावी लागली.

तू बोटीवरून आणलेल्या माजाँगच्या, त्या चिनी सोंगट्यांच्या, डब्यापायी मला हे वेड लागलं, तेव्हा तुला हे ऐकावंच लागेल. आमचा क्लब तुला आठवतोच, हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, चार टेबलं. तीन टेबलं खेळणाऱ्यांची, आणि चौथं, खिडकीजवळचं, शिकाऊ लोकांचं. तिथे भिंतीवर कुठल्या सोंगट्या जुळल्या की हाताचे किती गुण, याचा तक्ता लावलाय आणि लोक एकमेकांना सोंगट्या दाखवत खेळतात. तर आमच्या अध्यक्षांनी, ते निवृत्त जकात अधिकारी, मला बाजूला घेऊन सांगितलं की मी सोंगटी नाकाला लावून बघते, त्याने खेळ रेंगाळतो, तेव्हा यापुढे मी खिडकीजवळ बसावं. तिथे उजेडही छान असतो म्हणे. मी म्हटलं की उजेडाचा मला आता काय उपयोग, आणि माझ्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पण मनातून घाबरले रे. माझ्या हातातल्या सोंगट्या मी अंगठ्याने वाचू शकेन. कवळीवर केसाएवढा उंचवटा राहिला तर तो या अंगठ्याला कळायचा. गोल आणि बांबू या दोन जाती आत्ताच येतात. कोरी सोंगटी तर काय, जावयाच्या मेंदूसारखी गुळगुळीत. तिसऱ्या, आकड्यांच्या जातीच्या चिनी अक्षरांशी झटापट चालू आहे. अडचण दुसऱ्यांच्या सोंगट्यांची आहे. बाकी तिघं टेबलावर काय टाकतात ते मला दिसत नाही. ते दिसलं नाही तर माझी जिंकायची सोंगटी नाकासमोरून निघून जाईल आणि मी आपली बसून राहीन.

मनीला, पोटची पोर असून, हे काही कळत नाही. तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं की हातात तेरा सोंगट्या असतात, चौदावी आली की तीन-तीन सोंगट्यांचे चार गट आणि एक जोडी पुरी व्हावी लागते, आणि ती चौदावी टेबलावर रचलेल्या सोंगट्यांच्या भिंतीतून आपली आपण उचलावी किंवा दुसऱ्याने टाकलेली घ्यावी. ती म्हणाली, पत्तेच की, त्यासाठी एवढा जीव का काढायचा. भूमिती शिकवणारी पोर, तिला काटकोन सोडून काही सरळ दिसत नाही.

तुझ्या मंडळींना आशीर्वाद. गुडघा शेकत जा.

तुझी,
ताई


दि. १८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या घरात मोठ्याने वाचलं गेलं. कानांच्या ओळीपाशी तुझी भावजय एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आता ती मलाही कानांवरूनच ओळखते.

डोळ्यांचं वाचून मात्र ताट बाजूला सारलं. ताई, तुला राग येणार हे माहीत असून लिहितो. मनीचंही पत्र आलंय. तिच्या घरी एक खोली रिकामी आहे, जावईबापू बिचारे (मेंदूचा विषय सोडून दे) स्वतः येऊन तुला न्यायला तयार आहेत. तो जिना, तो रहदारीचा रस्ता, कशासाठी? अध्यक्ष तिरसट असेल, पण उद्या दुसराही कोणी हेच म्हणेल. मान आहे तोवर उठावं. मी आलो की आपण घरी खेळू, मनी आणि जावईबापूंना धरून बसवू, आणि मी प्रत्येक सोंगटी तुला नाव घेऊन सांगीन.

मी बोटीवर इंजिनखोलीत होतो तेव्हा आमचा एक तेलवाला होता. त्याला छोटा हात म्हणजे कमीपणा वाटायचा. दहा-बारा हजार गुणांच्या हाताची वाट बघत बसायचा, आणि तेवढ्यात मी हजाराचा हात मांडून मोकळा. माझा हात कधी मोठा नसायचा, पण मी शेवटचाही कधी आलो नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढंच मी खाऱ्या पाण्यात शिकलो. तुझ्या हाताशी लेक आहे, घर आहे. ते घे.

रागावलीस तरी पत्र लिही. उलट रागावलीस की तुझी पत्रं लांब येतात.

तुझा धाकटा,
टिल्लू


दि. २७ जानेवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात आखडता आहे.

तुझं पत्र मनीने वाचून दाखवलं, आणि 'मान आहे तोवर उठावं' या ओळीवर ती जरा जास्तच रेंगाळली. दोघांनी संगनमत केलंत ते ठीक. पण मला सांग, मान देऊन बाहेर काढलं काय आणि हाताला धरून बाहेर काढलं काय, जिना तोच उतरायचा ना?

तूच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतंस की चौदा सोंगट्या जुळल्या म्हणून कोणी जिंकत नाही. हाताला एक नाव लागतं, एक तरी याकू लागतो. सगळ्या सोंगट्या मधल्या आकड्यांच्या आहेत, किंवा सात जोड्या आहेत, किंवा हात झाकलेला ठेवून 'रीची' पुकारलंय, असं काहीतरी. नसेल तर सगळं जुळूनही हात फुकट. आणि मी विचारलं होतं की मग त्या दोरा नावाच्या बक्षिसाच्या सोंगट्या पाच जमल्या तरी? तर तू म्हणालास की दोऱ्याने किंमत वाढते, पण नुसत्या दोऱ्याने शिवण होत नाही, सुई लागतेच. मी अजून नवख्यांना हेच सांगते. तर बाबा, तुझी रिकामी खोली, मनीची माया, जावयाची गाडी, हे सगळे दोरे आहेत. सुई माझी मला पाहिजे.

आता क्लबाचं ऐक. मी कमिटीपुढे सरळ मागणी ठेवली की माझ्या टेबलावर प्रत्येकाने सोंगटी टाकताना तिचं नाव घ्यावं. 'गोलाची तिर्री', 'बांबूची नव्वी', एवढंच. अध्यक्ष म्हणाले की हा खेळ शांततेचा आहे, इथे भाजीबाजार भरवायचा नाही. त्यावर केस कापायचं दुकान चालवते ती पार्लरवाली म्हणाली की तिला काही अडचण नाही, ती दिवसभर बोलतच असते. आमच्या टेबलावरची फुलवाली फार बोलत नाही, पण तिनेही मान हलवली. मान मला दिसली नाही. कानातले डूल हलले ते दिसले.

मग अध्यक्षांनी परीक्षा काढली. तेरा सोंगट्या पालथ्या मांडल्या आणि म्हणाले, वाचा. सगळी टेबलं थांबली. मी एकेक अंगठ्याखाली घेत गेले. बांबू, गोल, दिशांचे वारे, सगळं बरोबर. शेवटच्या आकड्याला चुकले. छक्कीला अठ्ठी म्हटलं. त्यांच्या अक्षरांत छक्की म्हणजे टोपी घातलेली अठ्ठी, आणि ती टोपी माझ्या अंगठ्यातून निसटली. अध्यक्ष मोठ्याने हसले. टिल्लू, त्यांची वरची कवळी आमच्या कारखान्यातली आहे. तिला शेवटची झिलई मी केलीय. माझेच दात काढून माणूस मला हसला! मी तिथल्या तिथे सांगितलं की हसताना जरा बेताने, ती बसवलेली आहे, उगवलेली नाही. खोली हसली. पण घरी येताना पायऱ्यांवर मला रडू आलं, हेही तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

शेवटी कमिटीने तोडगा काढला. वार्षिक स्पर्धेत मी मुख्य टेबलावर खेळायचं, नावं पुकारली जातील. पण मी चौघांत शेवटची आले तर खिडकीजवळ जायचं. मी उठून सांगितलं की खेळायला मी येईन, पण ही अट तुमची आहे, मी ती मान्य केलेली नाही. ते वाक्य इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. खजिनदारांनी तोंड वाकडं केलं असावं. पेन आपटल्याचा आवाज आला.

पत्र लांब झालं. तुझं भाकीत खरं झालं म्हणून हुरळू नकोस.

तुझी,
ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. ती क्लबच्या जिन्यावरून पडली. हाड मोडलेलं नाही, पण कोपर काळंनिळं झालंय आणि हनुवटीला खरचटलंय. पार्लरवाल्या बाईंनी घरी आणून सोडलं. मी शाळा सोडून धावत गेले, तर आईसाहेब आरशापुढे बसून हनुवटीला पावडर लावत होत्या. दिसत नाही तरी. मला म्हणाली की चेहरा इतरांना दिसतो, म्हणून लावतेय.

त्या दिवशी मी फार चिडले, मामा. तिच्या कपाटातला माजाँगचा डबा उचलून माझ्या घरी घेऊन आले. मला वाटलं ती भांडेल. तिने फक्त कपाटाचं दार लावून घेतलं. पुढच्या वेळी गेले तर तिच्या मांडीवर जुन्या शर्टांच्या बटणांचा ढीग होता आणि ती डोळे मिटून एकेक चाचपत होती. भोकं दोन की चार, कड सपाट की उचललेली. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, सराव सुटू नये म्हणून. अगदी शांतपणे म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिचं वाईट करत नाहीये ना मामा? बाबा गेल्यापासून तिला एकटीने पडताना, उठताना मी बघतेय. तिला काही झालं तर लोक मला विचारतील, तुम्हाला नाही. आणि लोकांचं सोडा, मी मलाच काय सांगू? तुम्ही तिचे एकुलते भाऊ, तुमचं ती ऐकते असं निदान ती म्हणते तरी. एकदा या आणि तिला घेऊन माझ्याकडे चला. मामीला नमस्कार.

तुमची,
मनी


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडलीस आणि मला कळवलं नाहीस. कोपराला काय लावतेस ते लिही. मनीवर चिडू नकोस, तिने कळवलं म्हणून मला कळलं. तिला मी वेगळं लिहिलंय की डबा परत दे. तो डबा मी तुला दिलाय, तिला नाही. बटणांचं वाचून मी खुर्चीतून उठलो, दाराशी गेलो आणि परत येऊन बसलो. त्यापलीकडे हा गुडघा नेत नाही, नाहीतर तुझ्याकडेच निघालो होतो.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते तुझ्या काळजीने लिहिलं असं मला वाटत होतं. तुझी भावजय म्हणाली की तुला बहिणीची काळजी नाही, तुला स्वतःला झोप हवी आहे. बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, विशेषतः ती बरोबर असते तेव्हा.

तेव्हा आता कामाचं बोलू. तुमच्या अध्यक्षाला सांग की इंजिनखोलीच्या शेजारी आम्ही खेळायचो तिथे कानठळ्या बसायच्या, दिव्याचा पत्ता नसायचा, आणि आम्ही चौघंही घसा फोडून सोंगटीचं नाव पुकारायचो. खेळ काही बुडाला नाही. बोटही नाही.

छक्कीसाठी युक्ती सांगतो. अंगठा खालून वर नेऊ नकोस, वरून खाली ने. टोपी असेल तर आधी टोपीच लागेल. आणि एक गोष्ट ऐकच: स्पर्धेत लहान-मोठं बघू नकोस. कोणी तुझी सोंगटी टाकली की लगेच 'रोन' म्हणून हात मांड. हजार तर हजार. तुला जिंकायचं नाही, फक्त शेवटची यायचं नाही. एवढं केलंस की खुर्ची तुझी.

जिन्याला उजवीकडे कठडा आहे ना? तो धर. कठडा धरल्याने कोणाचा मान जात नाही.

तुझा,
टिल्लू


दि. ३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी हातचं काही न राखता.

मी शेवटची आले.

हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आता बैस.

डबा मनीने आणून दिला. जिन्यापर्यंत सोडायला येईन म्हणाली, आणि आली. टेबलावर मी, पार्लरवाली, अध्यक्ष आणि फुलवाली. अध्यक्ष नावं पुकारत होते, पण अशी, की जणू शब्दाला जकात पडते. खेळ बरा चालला होता. तुझी टोपीची युक्ती अचूक, एकदाही चुकले नाही. पण सोंगट्याच येईनात. शेवटच्या हाताला अध्यक्ष सगळ्यांच्या वर, मी सगळ्यांच्या खाली, आणि माझ्या जरासं वर फुलवाली.

त्या शेवटच्या हाताला मात्र अंगठ्याखाली असं काही येत गेलं की मला धडधडायला लागलं. गोलाची तिर्री-चव्वी-पंजी. आकड्यांची तिर्री-चव्वी-पंजी. बांबूची छक्की-सत्ती-अठ्ठी, गोलाच्या अठ्ठ्यांची जोडी, आणि बांबूची तिर्री-चव्वी. बांबूची दुर्री किंवा पंजी आली की हात पुरा. तुला सांगायला नको, पण तुझी भावजय ऐकत असेल म्हणून लिहिते: दुर्री आली तर साधा हात, दोन हजारांचा. पंजी आली तर तिर्री-चव्वी-पंजी तिन्ही जातींत एकसारखी, आणि किंमत सात हजार सातशे. शिवाय ती अध्यक्षांनी टाकली तर तेवढेच त्यांचे कमी होऊन मी त्यांच्या वर बसले असते.

आणि अध्यक्षांनी पुकारलं, 'बांबूची दुर्री.'

दोन हजार, टिल्लू. फुलवालीच्या वर गेले असते. तिसरी. खुर्ची माझी. तुझा आवाज मला कानात ऐकू आला, रोन म्हण, रोन म्हण. तोंड उघडलंही होतं. आणि मी ते मिटलं.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खेळाच्या दृष्टीने पंजी अजून एकही पडलेली नव्हती, हे एक. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कळलं की ही दुर्री उचलणं म्हणजे त्यांच्या अटीवर सही करणं. मी तिसरी आले म्हणून मला बसायला मिळालं, असं झालं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा अट, पुन्हा परीक्षा. आणि मी जन्मभर दोन-दोन हजार वेचत, शेवटची न येण्यासाठी खेळत बसले असते. ते मला नको होतं. मला माजाँग खेळायचं होतं.

पुढची सोंगटी फुलवालीची. तिने पुकारलं, 'बांबूची पंजी.' हस, हस मोठ्याने! नियम तुला माहीत आहे. जिंकून देणारी सोंगटी एकदा सोडली की आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. पंजी माझ्या समोर पडली आणि मला बोट लावता येईना. मग माझी पाळी आली, मी भिंतीतून एक निरुपयोगी वारा उचलला, टाकला, आणि दोन फेऱ्यांत फुलवालीनेच आपली सोंगटी आपण उचलून डाव संपवला. मी हात उलटा करून दाखवला. पार्लरवालीने तो बघितला, अध्यक्षांनी टाकलेली दुर्री बघितली, आणि म्हणाली की बाई, तुम्ही वेड्या आहात. तिने हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मला घड्याळापेक्षा मोठी भेट वाटली.

मनीला मी वाटेत सगळं सांगितलं. मग तिने विचारलं की आई, आता काय करणार. मी म्हटलं, पुढच्या खेळाच्या दिवशी जाणार.

गेले. कठडा धरून चढले, तुझं ऐकून. माझ्या खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी अटीची आठवण दिली. मी सांगितलं की अट मी मानली नव्हती, इतिवृत्त काढून बघा. आणि विचारलं की गेल्या वर्षी या टेबलावर शेवटचे खजिनदार आले होते, त्याआधी खुद्द आपण. दोघांपैकी कोणाला खिडकीजवळ बसवलं होतं? ज्यांना दिसतं त्यांनी हरायचं आणि परत येऊन बसायचं, मग मी हरले तर माझी खुर्ची का जाते? मला जिंकायची सवलत नको, हरायचा हक्क हवा. चारचौघांसारखा. आवाज चढला होता माझा. कारखान्यात यंत्रांवरून बोलायचे तसा.

मग फुलवाली, जी महिन्यातून एखादं वाक्य बोलते, ती म्हणाली की सोंगट्या ढवळायला घ्या, वेळ जातोय. अध्यक्ष ताडकन उठले. या टेबलावर आपण बसणार नाही म्हणाले. त्यांना वाटलं असेल की चौथ्या माणसावाचून आमचा खेळ अडेल.

दारात मनी उभी होती. मला न्यायला लवकर आली होती आणि सगळं ऐकत होती. ती आत आली, त्यांच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली की तिला यातलं काही कळत नाही, पण मोठ्याने बोलता येतं. पहिलीच सोंगटी तिने टाकली ती बांबूचा एक्का, ज्यावर पक्षी असतो. तिला नाव कुठलं माहीत! वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात पोरगी ओरडली, 'आई, चिमणी!' पार्लरवालीच्या हातून भिंत कोसळली, एवढी ती हसली.

अध्यक्षांना त्या दिवशी खेळायचं तर होतं. बाकी दोन्ही टेबलं भरलेली. खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, खिडकीजवळची. तिथे उजेडही छान असतो म्हणे.

गुडघा बरा झाला की ये. मनी खुर्ची सोडेल असं वाटत नाही, तेव्हा आपल्या दोघांना अध्यक्षांच्या टेबलावर जाऊन शिकवावं लागेल. लोभ आहेच, तो तसाच राहू दे. आणि दुर्री सोडली म्हणून राग आला असेल तर तोही चार पानी लिहून पाठव, मनी मोठ्याने वाचून दाखवेल.

तुझी, अजून त्याच खुर्चीवरची,
ताई